मऊ जबड्यांचा शिकंजा

दुरुस्तीच्या दुकानात शिरलेल्या माणसाची नजर आधी उघड्या पडलेल्या इंजिनाकडे जाते. ती तिकडे खुशाल जाऊ द्यावी, आणि मग सावकाश मेजाच्या कोपऱ्याकडे वळवावी. तिथे ओतीव लोखंडाचा एक शिकंजा बसलेला असतो आणि त्याला पाहायला म्हणून कुणीही दुकानात आलेले नसते. अकोला, अमरावती, परतवाडा, वरूड इथल्या या दुकानांत पंप येतात, फवारणीची यंत्रे येतात आणि लाकूड कापायच्या चेन सॉ येतात. संत्र्याच्या बागायतदाराला काय किंवा लाकडाच्या कंत्राटदाराला काय, आपली मशीन कधी सुरू होते एवढेच हवे असते. आपण मात्र घाईत नाही. आपल्याला हा धरणारा पाहायचा आहे. तो स्वतः कापत नाही, तासत नाही. दुसऱ्याला कापता-तासता यावे म्हणून तो नुसता धरून राहतो, आणि या नुसत्या धरण्यात किती बारकावे साठलेले आहेत हे एकदा डोळ्यांना दिसू लागले, की दुकानातल्या चकचकीत वस्तू आपोआप फिक्या पडतात.

प्रथम त्याची बैठक न्याहाळू. चांगल्या कारागिराचा शिकंजा मेजाच्या मध्यावर नसतो, कोपऱ्यावर असतो, आणि त्याचा मागचा, न हलणारा जबडा मेजाच्या काठापेक्षा अंगुळभर पुढे आलेला असतो. या अंगुळभर पुढे येण्यात मोठा विचार आहे. ते नसते तर लांब पट्टी उभी धरताना तिचे खालचे टोक मेजाच्या कडेला अडले असते. ते आहे म्हणून जबड्यात धरलेली वस्तू थेट जमिनीपर्यंत सुखाने लोंबते. कोपऱ्याचे कारण तर याहून लोभस. चेन सॉच्या साखळीवरचे दात एकाआड एक उलट बाजूंना वळलेले असतात. एका बाजूचे सगळे दात घासून झाले, की कारागिराला उठून पलीकडच्या अंगाने उभे राहावे लागते. शिकंजा भिंतीलगत कोंडलेला असेल तर दुसरी बाजू मनगट मुरडून घासावी लागते, आणि मुरडलेल्या मनगटाने घासलेले दात डावे-उजवे सारखे राहत नाहीत. मग करवत लाकडात सरळ न जाता एका अंगाला वाकत जाते. गिऱ्हाइकाला वाटते, साखळीच खराब आहे. दोष असतो मेज ठेवण्याच्या जागेचा.

उंचीचेही तसेच. आयटीआयच्या फिटरच्या वर्गात शिकलेल्या मुलाला एक साधे माप ठाऊक असते: ताठ उभे राहायचे, मूठ हनुवटीखाली टेकवायची, आणि कोपर जबड्याच्या माथ्याला लागले की शिकंज्याची उंची आपल्या देहाला जुळली. कुठलीही टेप नको, कुठला आकडा नको. ज्याचा देह, त्याचे माप. अवजाराने माणसाच्या कोपराशी असे नाते जोडावे, ही मला या साऱ्या व्यवहारातली फार सुंदर गोष्ट वाटते.

आता दांडीकडे येऊ. ती भोकात सैल असते, इकडून तिकडे सरकते, आणि निसटू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बोंडे असतात. नवख्याला हा सैलपणा ढिसाळ वाटतो. पण जागा अडचणीची असली की दांडी सरकवून दुसऱ्या अंगाने धरायची आणि पुढचा अर्धा फेरा घ्यायचा, एवढ्यासाठी ती सोय आहे. तिच्या मागे जाड आट्यांचा स्क्रू. दांडीचे टोक मध्यापासून 25 सेंटीमीटरवर आहे असे धरले, तर एका फेऱ्यात आपला हात दीड मीटरहून जास्त फिरतो, आणि तेवढ्यात जबडा सरकतो फक्त पाचेक मिलिमीटर. कागदावरचा हिशोब म्हणतो की हाताचा जोर तीनशे पटींनी वाढला. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक जोर आट्यांच्या घर्षणात जिरून जातो. हे वाचून हळहळ वाटली तर थोडे थांबावे. जे घर्षण आपला जोर खाते, तेच घर्षण आपण दांडी सोडल्यावर स्क्रूला उलटे फिरू देत नाही. यंत्रशास्त्रात हा नियमच आहे: जो स्क्रू भाराखाली आपोआप उलगडत नाही, त्याची कार्यक्षमता निम्म्यापेक्षा कमी असते. म्हणजे अर्ध्याहून अधिक कष्ट वाया घालवण्याची तयारी ठेवली, तरच धरलेली वस्तू धरलेली राहते. कारागीर दांडी सोडून चहाला जातो, तासाभराने परततो, आणि धरलेली वस्तू जिथे होती तिथेच असते. ती तिथे असण्यामागे ही उधळपट्टी आहे.

आणि धरायचे आहे ते यंत्र कसे आहे? चेन सॉ हातात घेऊन पाहा. तिला सपाट अशी एकही बाजू नाही. मागचे हँडल, वळसा घेऊन गेलेले पुढचे हँडल, दोऱ्याची खेच, मफलर, पेट्रोलचे आणि तेलाचे झाकण, सगळे आपापल्या दिशेला बाहेर आलेले. त्यात हँडलाखाली रबराच्या बैठका, म्हणून एकीकडे दाबले की दुसरीकडे डुलते. माणसाच्या दोन हातांत ती अशी काही नेमकी बसते की चालू असताना कुणाला तिचा आकार खटकत नाही. मेजावर ठेवली, की ती कुठेच टेकत नाही. जर्मनीत आंद्रेआस श्टीलने 1926 साली विजेवर चालणारी जी पहिली करवत बनवली, ती 48 किलोंची होती आणि उचलायला दोन माणसे लागत. ती मेजावर ठेवली असती तर नुसत्या वजनाने जागेवर बसून राहिली असती. आज बारशिवायची मशीन पाच-सहा किलोंवर आली, आणि हलकेपणाबरोबर ही नवी गरज आली. वजन गेले तसे तिला धरून ठेवणारे कुणीतरी लागू लागले.

धरायचे कुठे, या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे बार, जिच्याभोवती साखळी फिरते ती लांब पोलादी पट्टी. सारे यंत्र वेडेवाकडे, पण ही तेवढी सपाट. आणि इथे शिकंज्याची खरी परीक्षा सुरू होते, कारण पट्टी घट्ट धरायची आहे आणि तिच्याभोवतीची साखळी मोकळी ठेवायची आहे. एक दात घासला, साखळी पुढे ओढली, पुढचा दात समोर आणला. हे साखळी संपेपर्यंत चालायचे. म्हणून पट्टी जबड्यांत उतरवताना तिचे पोट तेवढे धरतात. वरची साखळी जबड्यांच्या माथ्यावरून मोकळी जाते, आणि खालची साखळी जबड्यांखाली जी पोकळी असते तिच्यातून अल्लद सरकते. ती पोकळी बनवणाऱ्याने काही चेन सॉसाठी ठेवलेली नव्हती. जबड्यांच्या पोलादी पट्ट्या उंचीला बेताच्या आणि त्यांच्याखाली लोखंड आत घेतलेले, ही शिकंज्याची जुनीच घडण. तिच्यात ही साखळी येऊन अशी काही सामावली की जणू तिचीच वाट पाहिली जात होती.

या साखळीच्या दाताची जन्मकथाही इथेच आठवावी, कारण ती जबड्याचीच आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या 1946 साली एका ओंडक्यात लाकूड खाणारी भुंग्याची अळी पाहत बसला. ती अळी डावीकडे आणि उजवीकडे आलटून पालटून जबडा चालवत होती, लाकडाच्या रेषांना न जुमानता. त्यावरून त्याने एकदा डावा, एकदा उजवा अशी वाकड्या दातांची साखळी बनवली, आणि पुढे जगभरच्या चेन सॉंनी तीच घडण उचलली. किड्याच्या जबड्यापासून जन्मलेला दात वऱ्हाडातल्या एखाद्या मेजावर लोखंडी जबड्यात धारेला लागलेला असतो, आणि घासणाऱ्याला याची गंधवार्ताही नसते. नसू दे. आपल्याला ती आहे, हा आपला आनंद.

आता कान लावू या. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या मशीनच्या साखळीला 4.8 मिलिमीटर जाडीची गोल कानस लागते. दाताच्या माथ्याशी 30 अंशांचा कोन, कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर, आणि घासणे एकाच दिशेने, आतून बाहेर. परत येताना कानस उचलायची. बार नीट धरलेला असेल तर या घासण्याचा आवाज कोरडा, एकसुरी, खर्र असा येतो, आणि प्रत्येक घासणीला दातातून बारीक चमकता कीस झडतो. बार केसभर जरी हलत असेल, तरी आवाज चिरकतो, कानस दातावर नाचते आणि धारेवर बारीक लाटा उमटतात. मुरलेला कारागीर मान वर न करता, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला कार्बोरेटर उघडत बसलेला असताना, पोऱ्याच्या कानशीचा आवाज ऐकून सांगतो की शिकंजा ढिला आहे. या श्रवणाला आपण दाद द्यायला हवी. गवयाच्या बैठकीत आपण उगाच माना डोलावतो, इथे खरोखर काही चुकले-बरोबर असते.

मग काय, दांडी आणखी आवळावी? इथेच तर सगळी मौज आहे. बारच्या पोलादाला जोर सोसतो, पण इंजिनाची पेटी बहुतेक वेळा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, हलकी आणि ठिसूळ. तिला थेट दातेरी जबड्यात घालून पिळले तर ती वाकत नाही, तडकते. अशा वेळी वऱ्हाडी उस्तादाच्या तोंडून हमखास ऐकू येणारे वाक्य असे: "अरे बाप्पा, लय टाइट नोको करू, बाडी चटकून जाईन. हलली नाई पायजे, बस." हे 'हलली नाई पायजे, बस' म्हणजे या विद्येचे सूत्र आहे. हलू नये इतके. त्यापुढे एक वेढाही नाही.

अमरावतीत राहून ही गोष्ट समजावून घ्यायची तर श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात डोकवावे. 1914 साली सुरू झालेल्या या मंडळात मल्लखांब शिकणारा मुलगा एरंडेल चोळलेल्या खांबावर अढी घालतो. अढी ढिली पडली तर तो घसरतो. भीतीने खांब करकचून आवळला तर तिथेच चिकटतो, पुढच्या उडीला सुटूच शकत नाही. कसलेल्या मल्लाची अढी खांबाला जेवढ्यास तेवढी लागते, आणि त्यामुळे तिच्यातून पुढची हालचाल फुलासारखी उमलते. शिकंजा धरतो तो या जातीने. धरून ठेवणे हे त्याचे अर्धे काम. धरलेले शाबूत परत देणे हे उरलेले अर्धे.

म्हणूनच जाणत्याच्या शिकंज्याच्या जबड्यांवर काहीतरी मऊ चढवलेले दिसते, आणि ते काय आहे यावरून दुकानाचा स्वभाव कळतो. कुणी ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीचे दोन तुकडे बसवतो. कुणी सागाच्या फळकुटांना चुका मारतो, आणि परतवाड्याकडे सागाचे तुकडे मिळायला तोटा नाही. कुणी टायरची ट्यूब कापून ताणून बसवतो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की ती पाघळते, जबड्याला चिकटते आणि बारवर काळे डाग पाडते, म्हणून ट्यूबवाल्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. जिथे जिनिंग आहे तिथे रोलरची झिजून टाकलेली चामडी चकती या कामाला छान चालून जाते. कपाशीचा तंतू सरकीपासून सोडवता सोडवता झिजलेले ते चामडे इतक्या नाजूक ओढाताणीत मुरलेले असते, की मॅग्नेशियमच्या पेटीला त्याच्याइतका समजूतदार शेजारी दुसरा मिळणार नाही.

इंजिन खोलायचे असते तेव्हा बारही निघालेला असतो, आणि सपाट म्हणावी अशी एवढीशीही जागा उरत नाही. मग बार जिथे बसतो ते दोन बोल्ट कामाला येतात. जाड लोखंडी पट्टीला दोन भोके पाडायची, मशीन त्या बोल्टांवर नटांनी कसायची, आणि पट्टी शिकंज्यात धरायची. कंपन्यांचे तयार स्टँडही याच तत्त्वावर असतात. मशीन त्यावर उलटीपालटी फिरवता येते. पट्टी कुठल्याही वेल्डरकडे होते.

याहून रसाळ आहे ती एक दोरी. क्लच काढायचा, तर त्याचे आटे उलटे असतात; घड्याळाच्या दिशेने फिरवले की तो सुटतो, आणि हे माहीत नसलेला माणूस तो जन्मभर आवळत बसतो. पण पान्हा लावला की क्लचबरोबर क्रँकही फिरते आणि आतला पिस्टन खालीवर होत राहतो, सुटत काहीच नाही. बाहेरून मशीन कितीही घट्ट धरा, आतले फिरणे बाहेरच्या शिकंज्याच्या हातात नाही. तेव्हा कारागीर प्लग काढतो, पिस्टन वर येऊन धुराचे दार त्याने झाकलेले आहे ना हे पाहतो, आणि प्लगच्या भोकातून स्टार्टरच्या जुन्या दोरीचे टोक सिलिंडरमध्ये सरकवतो. दुसरे टोक बाहेर. पान्ह्याला ताण देताच पिस्टन वर येतो, दोरीच्या गुंडाळीला डोक्याने दाबतो आणि थांबतो. लोखंडी खुंट घातला असता तर पिस्टनच्या माथ्यावर खळगा पडला असता; दोरी दबते, पसरते, भार सगळीकडे वाटून घेते आणि एक ओरखडाही उमटू देत नाही. धुराचे दार उघडे राहिले असेल तर मात्र दोरीचा पदर त्यात अडकून चिरडतो, म्हणून ते आधी पाहायचे. सिलिंडरच्या काळोखात, डोळ्यांआड बसवलेला हा सुतळीएवढा शिकंजा मला मेजावरच्या ओतीव थोरल्याइतकाच आदरणीय वाटतो. दोघांची विद्या एकच. धाकट्याने ती लोखंडाशिवाय साधली.

रानात मेज नसते. मेळघाटाच्या पायथ्याशी नाहीतर शेताच्या धुऱ्यावर, वादळाने आडवी केलेली बाभूळ कापताना, तासाभरात साखळी बोथट होते. बाभळीचे लाकूड चिवट, आणि बुंध्याच्या सालीत धूळ बसलेली. ती धूळ लाकडापेक्षा जास्त धार खाते. यासाठी खुंटावर ठोकायचा एक छोटा शिकंजा मिळतो: खाली दोन अणकुचीदार पाय, वर दोन लहानसे जबडे, आणि बोटांनी आवळायचा स्क्रू. नुकत्याच कापलेल्या झाडाच्या बुंध्यात तो हातोडीने ठोकायचा, त्यात बार धरायचा आणि कानस चालवायची. ज्या झाडाला करवतीने पाडले, त्याच्याच खोडाने तिला धार लावून घेण्यासाठी धरून ठेवायचे! यावर गहिवरायचे की हसायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

हा खिशातला शिकंजाही जवळ नसला तर अनुभवी कापणारा आणखी गंमत करतो. जाड ओंडक्यात त्याच करवतीने एक उभा काप घेतो, मशीन बंद करून थोडी निवू देतो आणि बार त्या कापात उतरवतो. साखळी पट्टीपेक्षा रुंद असल्याने काप बारला सैल पडतो. मग लाकडाची एक पाचर बाजूने ठोकायची. झाले. करवतीने आपला शिकंजा आपणच कोरला. आणि पाचर म्हटल्यावर गावाकडच्या माणसाला सांगायला नको. वखराची, तिफणीची, बंडीच्या चाकाची अशी कितीतरी सांधणी आपल्या वाढईने, म्हणजे गावच्या सुताराने, पाचरीवर तोलून धरली. तो स्वतः कामाला बसे तेव्हा त्याच्याकडे स्क्रूचा शिकंजा नसे. जमिनीवर उकिडवे बसून लाकूड पायाच्या अंगठ्यात आणि बोटांत धरी, आणि वाकस त्या बोटांपासून दोन अंगुळांवर चाले. त्या धरण्यात ढिलाई नव्हती आणि दडपणही नव्हते, कारण धरणारा पाय आणि मारणारा हात एकाच देहाचे होते.

लोखंडी शिकंजा या मुलखात रुळला तो रेल्वे आणि जिनिंग-प्रेसिंगच्या काळात. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वे अकोला, बडनेरा करत 1867 साली नागपूरला पोचली. 1870 साली लॉर्ड मेयोने खामगावच्या फाट्याचे उद्घाटन केले. आणि रुळांच्या मागोमाग वाफेची इंजिने, प्रेस, जिन आणि त्यांची देखभाल करणारे फिटर आले. जिथे फिटर, तिथे मेज. जिथे मेज, तिथे शिकंजा. जिनिंग बंद पडल्या तरी शिकंजे भंगारात गेले नाहीत, कारण त्यांच्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नसते. जुन्या दुकानात असा एखादा दिसला, तर त्याच्या जबड्यांच्या मधोमध झिजून पडलेली किंचित खोल जागा बोटाने चाचपून पाहावी. कारागिरांच्या पिढ्यांनी वस्तू नेमकी मध्यावर धरल्याचा तो पुरावा आहे. कडेला धरणाऱ्या अडाण्याचा जबडा तिरपा झिजतो.

रसग्रहणात दोष काढू नयेत म्हणतात, तरी एक कुरकुर करतोच. हल्ली घरपोच मिळणारे हलक्या ओतकामाचे, रंगाने झळाळणारे छोटे शिकंजे मेजाला खालून चिमट्याने लावायचे असतात. दिसायला देखणे, पण कानशीच्या दहाव्या फेऱ्याला मेजासकट डुलू लागतात, आणि ज्याला स्वतःलाच धरून ठेवावे लागते तो दुसऱ्याला काय धरणार? बागेत वर्षाकाठी दोन फांद्या छाटणाऱ्याने तो घ्यावा. रोजच्या कामाला 125 मिलिमीटर जबड्याचा ओतीव शिकंजा, चार बोल्टांनी आरपार कसलेला, एवढा तरी हवाच.

तेव्हा डिंक्याने वाळलेली संत्र्याची झाडे काढायला नाहीतर पावसाळ्याआधी धुरे मोकळे करायला मशीन लागणार असेल, आणि ती दुरुस्तीला टाकायची असेल, तर दुकानाची पाटी पाहू नका आणि दर विचारायची घाई करू नका. आधी मेजाच्या कोपऱ्यावर जा आणि शिकंज्याचे जबडे पाहा. उघडे दातेरी जबडे असतील तर मशीन परत गाडीवर ठेवा. चामडे, साग, ॲल्युमिनियम, काहीही चढवलेले असेल तर ती तिथे बिनघोर सोडून या.